डबा समोरच्या घरी गेला

आषाढ, गुरुवार. पाऊस धरूनच आहे.

सकाळी समोरची आंटी आमचा तीन पुडांचा डबा घेऊन आली. "तुजो डबो गो. ती बायल म्हजेगेर दिवन गेली," एवढंच म्हणाली आणि लगबगीनं वळली, कारण पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू कोपऱ्यावर वाजत होता. मी डबा धरून पडवीत उभी राहिले. झाकणावर सासूबाईंचं नाव आहे, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. डबा कुणाचा हे वाड्यावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. डबा परत करणाऱ्या त्या बाईला ती अक्षरं वाचता येत नसणार. तिला एवढंच ठाऊक होतं की त्या रात्री दार आंटीनं उघडलं. म्हणून डबा तिच्या दारात गेला.

दुपारचं जेवण झालं, भांडी झाली, तरी तेच मनात. मुगागाठी मी केल्या होत्या. पहाटे उठून, चुलीपाशी घाम गाळून. नारळ मी खवला. आणि आभार आंटीला.

सोमवारी रात्री काय झालं ते इथे लिहून टाकते, म्हणजे निदान माझ्याशी तरी खोटं राहणार नाही. लाइट गेलेली. हे पणजीत अडकलेले. खालच्या भाटात, माडांच्या बागेत, माड मोडून कामगारांच्या पत्र्यांवर पडला आणि ती सगळी माणसं वर वाड्याकडे आली. पहिलं फाटक आमचं, म्हणून ती आधी आमच्याकडे आली. पुढे हीच बाई होती, तिच्या कडेवर मूल होतं, खताची पिशवी उलटी करून त्याला खोळ केली होती. मी खिडकीतूनच विचारलं. कोण? कुठली? कंत्राटदार कोण? किती जणं आहात? पावसात उभी राहून तिनं एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, मोडक्यातोडक्या कोंकणीत. गदगकडची, असं म्हणाली. मी म्हटलं, थांबा, ह्यांना फोन करते. फोन लागेना. टॉर्च घेऊन बाहेर आले तोवर फाटकापाशी कुणी नव्हतं. समोर आंटीच्या बाल्कांवात, ओसरीवर, मेणबत्ती लागली होती आणि माणसं पायऱ्यांवर पाय पुसत होती.

आंटीनं त्यांना काय विचारलं असेल? मला वाटतं, पोराला ताप आहे का, एवढंच.

पुढचं सगळं तासाभरात झालं. तिनं फादरना फोन केला, इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातला हॉल उघडला गेला. दोतोर्नीचे, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचे, बाक जोडून मुलांना निजवलं. सांत व्हिन्सेंतवाल्यांच्या, चर्चमधल्या मदत मंडळाच्या, खोलीत तांदूळ, तेल, साखर भरलेली असतेच. गरिबांच्या घरी जाऊन मदत करायची त्यांची ही रीत 1833 साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केली, आणि आज आमच्या वाड्यावर तीच चार माणसं छत्र्या घेऊन निघतात. मध्यरात्री उकड्या तांदळाची पेज शिजली. सकाळी देवळाच्या कमिटीनं पोतंभर तांदूळ पाठवला, आमची पोरं ताडपत्र्या बांधायला गेली. देवळाची अग्रशाळा, पाहुण्यांना उतरायची जागा, रिकामीच होती, तिच्या चावीचं काय झालं ते आता उगाळत नाही.

मी गेले नाही. डबा पाठवला.

2021 च्या जुलैत म्हादई नदी फुगली आणि सत्तरी तालुक्यातली मातीची घरं बसली, 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्रीही तेव्हा म्हणाले होते. त्या वेळी याच घरातून मी सात चादरी, दोन घागरी आणि नवी कोरी सतरंजी दिली होती. टेम्पोत चढवताना डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. पण त्या माणसांनी माझ्या फाटकाची कडी वाजवली नव्हती. सत्तरीला द्यायला मला एक क्षण लागला नाही आणि आठ पावलांवर उभ्या बाईला मी कंत्राटदाराचं नाव विचारत होते. हे का, ते मला कळत नाही. भीती म्हणावी तर कडेवर मूल घेतलेल्या बाईची कसली भीती?

संध्याकाळी आंटीकडे गेले. डब्याबद्दल बोलायचं असं ठरवून गेले होते, खरं तर थोडं ऐकवायचंच होतं. ती तांदूळ निवडत बसलेली. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा बोटीवरचा फोटो. बोलता बोलता मुंबईचा विषय निघाला. तो तारवटी, बोटीवर नोकरी करणारा, बोट मिळेपर्यंत धोबी तलावच्या कुडात महिनेन्‌महिने राहायचा. गावागावाचे कूड असत तिथे, गाववाल्यांनी एकत्र राहायच्या खोल्या. एका खोलीत ओळीनं पेट्या, कोपऱ्यात आल्तार, म्हणजे देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी रोजार, जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. महिन्याचं भाडं अगदी थोडं, आणि बोट लागली नाही म्हणून कुणाला बाहेर काढत नसत. "हातांत पयसो नाशिल्लो, पूण पांवसांत उबो रावलो ना," म्हणाली आणि पुन्हा तांदळात मान घातली.

मला बाबा आठवले. तेही मुंबईला गेले होते, गिरगावात गाववाल्याच्या चाळीत, गॅलरीत पथारी टाकून. त्या घरच्या बाईनं पहिल्या दिवशी न विचारता ताट वाढलं, हे ते मरेपर्यंत सांगायचे. त्या बाईंचं नाव त्यांना शेवटी आठवत नव्हतं, ताटात काय होतं ते आठवायचं. बांगड्याचं हुमण आणि भात. आईला ते नेहमी...

असो.

डब्याबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि तेव्हाच ध्यानात आलं. मंगळवारी डबा नेला कोणी? आंटीच्या नातवानं. मी फाटकातून हाक मारली, त्याच्या हातात दिला आणि आत आले. त्या बाईनं डबा घेतला तो आंटीच्या नातवाकडून, आणि परत दिला आंटीला. तिनं अगदी बरोबर केलं. मी त्या हॉलमध्ये गेलेच नव्हते, तर माझं तोंड तिला कुठून आठवणार? आठवत असेल तर खिडकीच्या गजांमागचं, टॉर्च नसलेलं.

हे लक्षात आलं तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण त्याहून जास्त हलकं वाटलं. दिवसभर जी मला खुपत होती ती बाई नव्हतीच. आंटीला म्हटलं, तिचं नाव काय गं? "तूंच विचार," म्हणाली. रागानं नाही. तिनं मला एक मूठ निवडलेले तांदूळ दाखवले, यंदाचे बरे आहेत म्हणून.

मिलाग्रीस सायबिणीच्या, मेरीमातेच्या, फेस्ताला आम्ही दोघी दरवर्षी म्हापशाला तेल घेऊन जातो. ती आपल्या बाटलीतून वाहते, मी माझ्या. परतताना चणे, खाजे आणि घरी. इतक्या वर्षांत त्या रांगेत कुणी कुणाला तू कुठली म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही.

घरी येऊन डबा उघडला. सकाळपासून उघडलाच नव्हता. रिकामा असेल असं मी धरून चालले होते. वरच्या पुडात काही नव्हतं. मधल्यात कागदात गुंडाळलेल्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाळून कडक झालेल्या, पापडासारख्या मोडणाऱ्या. खालच्यात शेंगदाण्याची चटणी, लाल, लसूण घातलेली. पत्रे गेले, चूल भिजली, तिनं ही कुठून काढली? हॉलमधल्या शेगडीवर भाकऱ्या भाजल्या असतील. भरला डबा रिकामा परत करू नये, हे तिच्याकडेही आहे तर.

ह्यांना अर्धी भाकरी दिली. चटणी तिखट आहे म्हणाले, आणि आणखी मागितली.

उद्या शुक्रवार, म्हापशाचा बाजार. पोराला रेनकोट घ्यायचा आहे, डोक्यावर टोपी असलेला. किती मापाचा ते माहीत नाही. दोन वर्षांचं असेल की तीन? त्या रात्री अंधारात मला फक्त पिशवी दिसली होती. बाजाराला निघण्याआधी हॉलवरून जाते. डबा धुऊन पालथा घातला आहे, सकाळी भरायचा आहे. तांदूळ आत्ताच भिजत घातलेत, आंबोळ्यांचे.