मधाच्या बिअरला यीस्ट कुठलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी इंग्लंडमध्ये लीड्सला घरी बिअर करते आणि त्यातली निम्मी मधाची असते, हे एव्हाना ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतीच्या आरतीनंतर, कुणाच्या डोहाळजेवणात, फोनवर, प्रश्न एकच: ‘मधाला यीस्ट कुठलं घालू?’ पाकिटाचं नाव तेवढं हवं असतं. ते सांगितलं की पुढचं कुणी ऐकत नाही, आणि दोन महिन्यांनी ‘तुझं ऐकून केली, मधाची चवच नाही’ म्हणून मलाच ऐकून घ्यावं लागतं.

तर एकदाचं सांगते. यीस्ट मधासाठी निवडायचं नसतं. मधात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, म्हणजे अगदी साध्या साखरा. बिअरचं असो वा वाइनचं, कुठलंही यीस्ट त्या फस्त करतं, गोडवा मागे उरतच नाही. निवड करायची ती माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी. माल्टमध्ये माल्टोज असतो, माल्टोट्रायोज असतो, शिवाय लांब साखळ्यांची डेक्स्ट्रिनं. यातलं किती खायचं आणि किती सोडायचं हे प्रत्येक यीस्टचं वेगळं, आणि जे सुटतं तीच बिअरची बॉडी, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा. मध ती आधीच पातळ करत असतो. म्हणून मी बहुतेक वेळा इंग्लिश एल यीस्ट, एस-०४, घेते. ते थोडं मागे ठेवतं. फुलांचा वास पुढे यायला हवा असेल तर यूएस-०५, त्याची स्वतःची चव फार नसते. दोन्ही १८-१९ अंशांवर. आणि मध उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, ओतू नका, सगळा वास वाफेबरोबर जातो. चौथ्या दिवशी फेस ओसरला की घाला.

‘पण मध म्हटलं की शॅम्पेन यीस्टच ना?’ नाही. ईसी-१११८ हे शॅम्पेन यीस्ट मीडला, म्हणजे मधाच्या वाइनला, उत्तम आहे, १८ टक्के अल्कोहोलपर्यंत टिकतं. पण माल्टोट्रायोज त्याला नीट पचत नाही, आणि ते बिअरच्या बहुतेक यीस्टना मारणारं विष सोडतं. म्हणजे मागाहून एल यीस्ट घालून काम सावरता येईल, ही आशाही नको. हे मी किती जणांना सांगितलं असेल!

इतकं ठामपणे बोलते खरी, पण २०२२ चा तो ऑक्टोबर मी कुणालाच सांगितलेला नाही. आई साताऱ्याहून आली होती. मी यॉर्कशायरच्या माळावरचा हेदरच्या झुडपांचा मध आणला होता. हा मध बरणीत जेलीसारखा बसून राहतो, चमच्याने ढवळला की सैल होऊन वाहतो, आणि ठेवला की पुन्हा गोठतो. आईने तो नखावर घेऊन पाहिला आणि म्हणाली, ‘कारवीच्या मधापेक्षा कडसर आहे, पण खोटा नाही.’ साडेतीन किलो माल्ट, एक किलो मध, वीस लिटर, सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०५४; साखर संपते तशी ती उतरते. अकराव्या दिवशी १.०१० आली. मला तेवढीच अपेक्षित होती. एकदाच मोजली आणि बाटल्या भरल्या. अडतीस बाटल्या, जिन्याखालच्या कपाटात.

महिन्याभराने एका रात्री धप्पकन आवाज आला. शेजाऱ्यांचं दार असेल म्हणून मी कूस बदलली. सकाळी मी कामावर असताना आई इस्त्रीचा बोर्ड काढायला गेली आणि कपाटाचं दार उघडताच दुसरी बाटली फुटली. कोपराखाली चार टाके पडले. मी घरी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात हाताला पंचा गुंडाळून बसली होती, आणि तिच्या पायाशी काचेचा एक तुकडा पडला होता, बुचासकट बाटलीची अख्खी मान. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘अगं, ते आत जिवंत होतं अजून. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो, तो उगीच का?’

त्या रात्री जाड कोट, हातमोजे, चष्मा घालून मी एकेक बाटली ओल्या टॉवेलात धरून उघडली. एकीतला गॅस काढून मोजलं तर १.००२. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट, म्हणजे ०.००१, खाली गेला की साधारण अर्धं घनमान, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका, गॅस तयार होतो. आठ पॉइंट म्हणजे चार, तेही बाटलीत आधी असलेल्या अडीचच्या वर. साध्या बाटलीने ते कसं सोसावं?

का झालं? त्याच बादलीत आधी मी सेझाँ, म्हणजे एक बेल्जियन धाटणीची बिअर, केली होती. सेझाँच्या काही यीस्टमध्ये डेक्स्ट्रिनं तोडणारं जनुक असतं, आणि ती प्लास्टिकच्या नळाच्या आट्यांत चिकटून राहतात. मी वर्षभर हेच कारण धरून बसले, कारण त्यात माझा दोष कमी होता. पण मध मी न तापवता घातला होता, आणि कच्च्या मधात स्टार्च तोडणारी एन्झाइम्स असतात. तीही डेक्स्ट्रिनांवर चालली असतील. आणि तिसरं, मी एकदाच मोजलं होतं. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजायला हवं हे मला तेव्हाही माहीत होतं. आई परत जायच्या आत तिला चाखायला द्यायची होती, म्हणून घाई केली. पण हळूहळू उतरत गेली असेल, तर दोनदा मोजूनही आकडा हललेला दिसला असता का? तेही सांगता येत नाही.

तेव्हाची मी म्हणाले असते, यीस्ट बरोबर निवडलं होतं. होतंही.

म्हणून पुण्यातली भावंडं विचारतात तेव्हा मी आधी सांगते की तिथे परवान्याशिवाय हे करताच येत नाही. इथे १९६३ पासून घरच्यापुरतं करायला परवाना लागत नाही. इथल्यांनी विचारलं तर वर लिहिलंय तेच सांगते, आणि बादलीचा नळ बदला म्हणते. त्यावर ‘बरं बरं, पण पाकीट कुठलं?’ असं आलं की मला बोलवत नाही.

आई मे महिन्यात पुन्हा येतेय. मी आता बिअर केगमध्ये, म्हणजे बंद पिंपात, भरते, त्याला जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे. गेल्या महिन्यात मात्र हेदरच्याच मधाच्या सहा बाटल्या भरल्या, दोनदा मोजून, आणि झाकणाच्या जाड पेटीत घालून बागेतल्या शेडमध्ये ठेवल्या. आईला त्यातली द्यायची की नाही, हे ठरलेलं नाही.