वीस वेळा उजळलेली रात्र

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर एका जहाजाचे छायाचित्र लावलेले आहे. मागे काळेकुट्ट आकाश, पुढे बर्फाचे उंचवटे आणि मध्ये डोलकाठ्यांपासून शेवटच्या दोरापर्यंत हिमकणांनी पांढरे झालेले ते जहाज: अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेचे ‘एन्ड्युरन्स’. पुष्कळ वर्षे मी त्या चित्राकडे चांदण्या रात्रीचे चित्र म्हणून पाहत होतो. त्यातला प्रकाश चंद्राचा नसून माणसाने एकेक करून पेरलेला आहे हे वाचले, तेव्हापासून छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांच्याविषयीचे माझे कुतूहल वाढतच गेले आहे.

ती रात्र २७ ऑगस्ट १९१५ ची. जानेवारीपासून जहाज अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्राच्या गोठलेल्या थरात अडकले होते आणि बर्फ नेईल तिकडे वाहत होते. हर्ली यांनी अंधारात कॅमेरा रोवला आणि फ्लॅशची पावडर जागोजागी पेटवून दृश्य उजळले. एकूण सुमारे २० फ्लॅश लागले. दाबाने वर आलेल्या प्रत्येक ठळक उंचवट्याच्या आडून एक, आणि त्यांतले निदान १० एकट्या जहाजासाठी. एका मागोमाग एक झोतांनी डोळे दिपून त्यांना दिशा कळेनाशी झाली, बर्फाच्या टोकांवर नडग्या आपटल्या आणि ते भुसभुशीत बर्फात रुतले, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवले आहे. हे समजल्यावर चित्र पुन्हा पाहिले, तर सावल्या एका दिशेच्या नाहीत हे ध्यानात येते. चंद्र असता तर जहाजाची एक बाजू अंधारात बुडाली असती. इथे दोरखंडाचा प्रत्येक धागा वेगळा दिसतो, म्हणून ते जहाज भुतासारखे वाटते.

नॉर्वेतील सँडेफ्योर्ड येथे बांधलेले, सुमारे १४४ फूट लांब, तीन डोलकाठ्यांचे हे लाकडी जहाज १९१२ च्या डिसेंबरमध्ये पाण्यात उतरले, तेव्हा त्याचे नाव ‘पोलारिस’ होते. शॅकल्टन यांनी ते घेऊन नाव बदलले. मोहिमेसाठी लागणाऱ्या पैशाचा काही भाग चित्रपट आणि छायाचित्रांच्या हक्कांवर आगाऊ उभा राहिला होता, त्यामुळे जहाजावर हर्ली असणे ही हौसेची बाब नव्हती. ध्रुवीय संशोधक डग्लस मॉसन यांच्या मोहिमेत त्यांनी अंटार्क्टिकाचा अनुभव आधीच घेतला होता. प्रतिमा टिपायच्या काचेच्या प्लेटांबरोबर त्यांच्याजवळ चलतचित्राचा कॅमेराही होता आणि पॅजेट पद्धतीच्या रंगीत प्लेटाही होत्या. तांबड्या, हिरव्या, निळ्या चौकटींच्या जाळीतून कृष्णधवल प्लेटेवर प्रतिमा घ्यायची आणि नंतर तशाच जाळीतून ती पाहायची, अशी ती रीत होती. शिडे उभारून बर्फ फोडू पाहणाऱ्या ‘एन्ड्युरन्स’ची त्यांतील प्रतिमा आजही रंगीत दिसते, हे मला अजून आश्चर्याचे वाटते.

जहाजावरच्या डार्करूममध्ये प्लेटा धुणे हे काम वेगळेच होते. पाणी बर्फ वितळवून मिळवायचे, धुण्याची टाकी गरम ठेवायची, नाही तर प्लेटा बर्फातच जखडून बसायच्या, आणि रसायनांनी नखांभोवतीची कातडी फाटायची. तारुण्यात मी काही काळ डार्करूममध्ये काम शिकलो आहे. पुण्यातल्या डिसेंबरातही सकाळच्या थंड पाण्यात बोटे बधिर होत, म्हणून रोजनिशीतला हा मजकूर मी फार हळू वाचला.

२७ ऑक्टोबर १९१५ रोजी बर्फाच्या दाबाने चिरडलेले जहाज सोडावे लागले. डोलकाठ्या कोसळतानाचे दृश्य हर्ली यांनी चलतचित्रात टिपले. निगेटिव्ह मात्र आतच राहिल्या होत्या. २ नोव्हेंबरला ते परत गेले, भिंत फोडली, कमरेपर्यंत कपडे उतरवून चिखलासारख्या बर्फगाऱ्यात उडी मारली आणि झाळून बंद केलेले डबे बाहेर काढले. आत एकही थेंब शिरला नव्हता.

त्यानंतर जे घडले ते मला त्या उडीहूनही अवघड वाटते. पुढच्या प्रवासात ओझे कमी ठेवणे भाग असल्याने शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले आणि त्यांनी एकेक प्लेट पाहून निवड केली. सुमारे १२० ठेवल्या. सुमारे ४०० तिथल्या तिथे फोडल्या, म्हणजे पुन्हा मन बदलण्याची सोय उरू नये. त्या ४०० मध्ये काय होते, याचा विचार मी अनेकदा करतो. जहाज २१ नोव्हेंबरला बुडाले. हर्ली यांच्याजवळ आता खिशात मावणारा एक कोडॅक कॅमेरा आणि फिल्मची तीन रिळे उरली होती. पुढे ज्या एलिफंट बेटावर त्यांनी आसरा घेतला, तिथून ३० ऑगस्ट १९१६ रोजी सुटका होईपर्यंतचे सारे चित्रण त्यातच झाले.

त्यांच्या एका सवयीची मात्र मी पाठराखण करू शकत नाही. २४ एप्रिल १९१६ रोजी ‘जेम्स केर्ड’ ही होडी त्या बेटावरून मदत आणायला निघाली, तेव्हा किनाऱ्यावरून हात उंचावलेल्या सोबत्यांचे चित्र पुढे फेरफार करून सुटकेचे म्हणून दाखवले गेले. महायुद्धाच्या आघाडीवर अनेक निगेटिव्ह जोडून एक दृश्य बनवण्यावरून त्यांचा ऑस्ट्रेलियाचे अधिकृत युद्धवार्ताहर चार्ल्स बीन यांच्याशी तीव्र वाद झाला. २७ ऑगस्टच्या रात्रीचा प्रकाशही बनवलेलाच होता. पण तो खऱ्या जहाजावर, खऱ्या बर्फावर पडला होता. निरोपाला सुटका म्हणणे ही त्याहून फार निराळी गोष्ट आहे, आणि एवढ्या मोठ्या कलावंताला त्याची गरज का पडावी याचे मला दुःख वाटते.

५ मार्च २०२२ रोजी वेडेल समुद्रात ३००८ मीटर खोलीवर जहाज सापडले. जहाजाचे कप्तान फ्रँक वर्स्ली यांनी नोंदवलेल्या बुडण्याच्या जागेपासून अवघ्या चार सागरी मैलांच्या आसपास. तिथे सूर्य पोहोचत नाही. पाणबुडी यंत्रांनी आपले दिवे नेऊन ते उजळले, आणि मागच्या बाजूवर नाव व त्याखाली ‘पोलारिस’ काळातला तारा दिसला. अंटार्क्टिक करारान्वये अवशेष संरक्षित असल्याने काहीही वर आणलेले नाही. पुढे हजारो छायाचित्रे जोडून तयार केलेले जहाजाचे त्रिमितीय चित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जेवणाच्या थाळ्या दिसतात, एक बूट दिसतो आणि एक फ्लेअर गन, म्हणजे प्रकाशाचा इशारा सोडण्याची बंदूक, दिसते. जहाज हातचे गेले तेव्हा त्याला मानवंदना म्हणून हर्ली यांनी ती हवेत झाडली होती आणि मग डेकवर ठेवून दिली होती.