परत आलेला डबा

मंगळवार, रात्री

शनिवार-रविवारसाठी शाळेतल्या मुलांच्या दप्तरातून आम्ही खाणं घरी पाठवतो, त्या पिशव्या काल परत आल्या. नेहमीसारख्याच, रिकाम्या आणि घडी घातलेल्या. एक सोडून. 17 नंबरच्या पिशवीत डबा तसाच होता. फळांच्या फोडींचा, सीलबंद.

आवडला नसेल, असं आधी वाटलं. होतं असं कधीकधी, आणि त्यात वावगं काही नाही. भूक आहे म्हणजे आवडनिवड असू नये, असं थोडंच आहे? मग डबा फिरवून पाहिला तर झाकणावर ओरखडे. दहा-बारा तरी असतील. कडेला नाहीत, मधोमध. एका जागी पत्रा आत गेलेला, काहीतरी टोकदार धरून वरून ठोकल्यासारखा. झाकणाला ओढून उघडायची रिंग नव्हती.

आमच्याबरोबर पिशव्या भरणाऱ्या ताईंना दाखवला. त्यांनी अंगठा त्या खळग्यावरून फिरवला, काही बोलल्या नाहीत, आणि यादी करायला बसल्या. मी डबा पर्समध्ये टाकून घरी आणला. का आणला, माहीत नाही. आता ओट्यावर आहे.

डबे रिंगवालेच घ्यायचे, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. शिजवावं लागू नये, फ्रीज लागू नये, आणि मुलाला एकट्याला उघडता यावं. घरी ओपनर असेल, गॅस भरलेला असेल, कोणी मोठं माणूस असेल, यातलं काहीच धरून चालायचं नाही. नवीन माणसं आली की हे त्यांना मीच सांगते. आणि गेल्या गुरुवारी टेबलाच्या शेवटी, पिशवी बंद करण्याआधी तिच्यावरून शेवटची नजर फिरवायला मीच उभी होते. काकांशी बोलत होते. कशाबद्दल, तेही आता आठवत नाही.

शुक्रवारच्या दुपारच्या जेवणापासून सोमवारच्या दुपारच्या जेवणापर्यंत 72 तास होतात. पिशवीत बाकीचं होतं, त्यामुळे मूल अगदी उपाशी राहिलं असं नाही. रात्रभर मी स्वतःला हेच सांगत होते. पण मला छळतंय ते निराळंच. त्याने तो परत का पाठवला?

(त्याने म्हणतेय खरी, पण मुलगा की मुलगी तेही मला माहीत नाही. आम्हाला फक्त नंबर कळतो, आणि काय चालत नाही ते. नाव बाईंकडे. वर्ग खेळायला बाहेर गेला की बाई पिशव्या दप्तरात ठेवतात. पिशवीवर कसलीही खूण नाही, आणि डबे एकमेकांवर वाजू नयेत म्हणून मध्ये पुडे घालतो. हे असंच हवं. काल मात्र पहिल्यांदा वाटलं, नाव माहीत असतं तर.)

घरी ठेवून घेता आला असता. कोणीतरी कधीतरी उघडून दिला असता. शेजारी मागता आलं असतं ओपनर. की मागायचं नाही, असं घरात ठरलेलं आहे? मागायला गेलं की प्रश्न येतात, हे मुलांना फार लवकर कळतं. मला कळलं होतं. त्या वर्षाबद्दल इथे नको.

की परत करावा लागतो असं त्याला वाटलं? खाल्लं नाही ते आपलं नाही, असं?

खरं लिहायचं तर काल रात्री आधी मला माझंच वाईट वाटलं. तीन वर्षं झाली. एक गुरुवार चुकवला नाही, तापातसुद्धा गेले. घरी त्यावरून जे बोलणं होतं ते होतंच. आभार मानायला कोणी नसतं, नसावंच, पण तीन वर्षांत त्या बाजूने हाताशी आलेली पहिली गोष्ट कोणती, तर हा डबा. बसून रडले. हे आले, काय झालं म्हणून विचारलं. मी डबा दाखवला. त्यांनी पाहिला, परत ठेवला, आणि जाऊन झोपले. त्यांच्यावरही रागावले. उगीचच.

मग चिडून एक काटा घेतला आणि तो डबा उघडायला बसले.

आमच्याकडे ओपनर आहे, खणात आहे. तो काढला नाही. काट्याचं टोक झाकणावर टेकवून वरून वाटीने ठोकलं. काटा सटकला. पुन्हा ठोकलं. पत्रा दबतो, फाटत नाही. टोक सारखं मधोमध घसरतं, कारण कडेला धरायला जागाच नसते. ओरखडे मध्येच का होते ते तेव्हा कळलं. पाच-सात मिनिटांत मनगट दुखायला लागलं आणि काटा वाकला. मोठ्या बाईचं मनगट आहे माझं. डब्याच्या कागदावर फळांचं चित्र आहे, कापलेल्या फोडी, चकचकीत. ठोकताना ते सारखं समोर येतं.

कुठेतरी वाचलं होतं ते आठवलं. टिनच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये 1810 चं, आणि अमेरिकेत ओपनरचं पेटंट निघालं 1858 मध्ये. मधली कितीतरी वर्षं लोक छिन्नी-हातोडी घेऊन डबे फोडत होते. निदान त्यांच्याकडे छिन्नी होती.

बुधवार

झोप लागली, म्हणून आज जरा सरळ विचार करता येतोय.

नव्या माणसांसाठी मी केलेलं टिपण काढून वाचलं. चांगलं आहे, उगाच नाही म्हणत. इंग्लंडने 1906 मध्ये कायदा केला आणि गरजू मुलांना शाळेत जेवण द्यायची मुभा तिथल्या स्थानिक शिक्षण मंडळांना मिळाली. अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा 1946 चा. भारतात 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दुपारचं जेवण मुलांचा हक्क झालं, पण त्या कलमातच लिहिलंय, शाळेच्या सुट्ट्या सोडून. हे कायदे झाले तेव्हा सगळीकडे हिशेब शाळेच्या दिवसांचा. पोटाला रविवारची सुट्टी नसते, हे तेव्हा कागदावर कोणी धरलं नाही. 2020 च्या जूनमध्ये मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने खासदारांना जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे इंग्लंडच्या सरकारने उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या जेवणाला पैसे द्यायचं कबूल केलं. त्याचं स्वतःचं लहानपण शाळेतल्या मोफत जेवणावर गेलं होतं. ज्याला माहीत असतं तोच बोलतो.

आणि लिटल रॉकची नर्स. टिपणात सगळ्यात जास्त ओळी तिच्यावर आहेत. अमेरिकेतल्या अर्कान्सासमधलं लिटल रॉक, 1990 च्या दशकातली गोष्ट. शाळेत मुलं तिच्याकडे पोटात दुखतं, चक्कर येते म्हणून यायची. ती भूक आहे हे तिने ओळखलं आणि तिथल्या अन्नपेढीकडे मदत मागितली. शनिवार-रविवारसाठी दप्तरातून खाणं घरी पाठवायची तिथली पद्धत त्यातून सुरू झाली. बाईंनी आम्हाला पहिल्यांदा बोलावलं तेही एका सोमवारबद्दल सांगायलाच. सोमवारी जेवणाच्या रांगेत कोण धावतं, कोण दुसऱ्यांदा मागतं, कोण खिशात घालतं, हे त्या बघत होत्या.

हे मी सगळ्यांना सांगते. बघा, बघायला शिका, म्हणून सांगते. आणि मला एक रिंग दिसली नाही.

पण आज दुपारी कपडे वाळत घालताना एक मनात आलं. ओरखडे आहेत ती बाजू पिशवीत वर होती. मी पिशवी उघडली तेव्हा डबा उलटा नव्हता, आडवाही नव्हता. तो मी नंतर फिरवला. सरळ उभा, झाकण वर, आणि पिशवीची घडी त्याच्याभोवती नीट बसवलेली. घाईत मी आधी फक्त चित्र पाहिलं. टाकून दिलेली वस्तू अशी नसते.

म्हणजे त्याला दाखवायचं होतं? हे बघा, हे उघडत नाही. दुसऱ्या कोणाच्या पिशवीत जाऊ नये. किंवा, मी प्रयत्न केला होता.

की मीच हे सगळं रचतेय, मला बरं वाटावं म्हणून? असेलही. बाईंनी पिशव्या खोक्यात भरताना डबा सरळ केला असेल. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "विचारू नकोस बाईंना. विचारलं की त्या मुलाला विचारणार." बरोबर आहे त्यांचं. चिठ्ठीही घालता येत नाही, तो नियमही माझाच. चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात पडली तर त्या मुलाने काय करायचं?

म्हणजे हे मला कधीच कळणार नाही. काल ते सोसवत नव्हतं. आज त्यातल्या त्यात बरं आहे. त्याने कळवलं, माझ्यापर्यंत पोचलं, आणि उत्तर द्यायला माझ्याकडे गुरुवार आहे.

डबा मघाशी ओपनरने उघडला. ह्यांनीच खणातून काढून दिला. फोडी वाटीत काढल्या, दोघांनी खाल्ल्या. गोड होत्या. घास उतरेना, पण टाकून देववेना. झाकण धुऊन ठेवलंय, उद्या नेणार आहे. नव्या माणसांना दाखवायला टिपणापेक्षा ते बरं. त्यावरचे कुठले ओरखडे त्याचे आणि कुठले माझे, ते आता मलाही सांगता येत नाही.

सकाळी काकांना फोन करायचा आहे. त्या खोक्यातले आणखी डबे कपाटात असतील, ते आधी बाजूला काढायला हवेत. 17 नंबरच्या पिशवीत फळांचाच डबा घालायचा, रिंगवाला. तिथल्या तिथे रिंगेत बोट घालून बघायचं, ओढून नाही, नुसतं घालून. सगळ्या पिशव्यांचं तसंच करायचं. जरा लवकर निघायला हवं.