तुम्ही विचारलंत म्हणून : घरातल्या माणसाचा जवळून काढलेला फोटो

गेली काही वर्षे मी कोल्हापुरात लोकांच्या घरी जाऊन त्यांची छायाचित्रे काढते. कधी बाळंतीण आणि तिचे बाळ, कधी नव्याने संसार मांडलेले नवरा-बायको, कधी हिंडत्याफिरत्या वयातली आजीची एक चांगली आठवण हवी म्हणून बोलावणारी नातवंडे. ही छायाचित्रे पाहिल्यावर बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात : "आम्हालाही आमच्या माणसांचे असे जवळचे फोटो घरच्या घरी काढायचे आहेत, तर कॅमेरा कोणता घ्यावा आणि लाइट कोणते घ्यावेत?" या प्रश्नात कॅमेरा आधी येतो आणि उजेड नंतर. माझ्या उत्तरात हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा होण्याला एक प्रसंग कारण झाला.

शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घरी, लग्नाला पन्नास वर्षे झालेल्या जोडप्याचे फोटो काढायला मी गेले होते. नुकतेच घेतलेले दोन फ्लॅश, दोन छत्र्या आणि त्यांचे उंच स्टँड हे सगळे मी सोप्यात मांडले. आजोबांनी ती मांडामांड पाहिली, ते आत गेले आणि कोट घालून, टोपी चढवून बाहेर आले. "कोण साहेब येणार हाईत काय?" असे त्यांनी मला अगदी मनापासून विचारले. त्या दिवशीच्या एकाही फोटोत ते दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघेही पुढचा फ्लॅश कधी पडेल याची वाट पाहत ताठ बसलेले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक कॅमेरा आणि एकच लेन्स घेऊन पुन्हा गेले. आजी उंबऱ्यापाशी सुपात तांदूळ निवडत होत्या, आजोबा त्यांना वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवत होते, आणि चौकातला उजेड दारातून दोघांच्या चेहऱ्यांवर एका बाजूने पडत होता. मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मग काढलेल्या फोटोंपैकी एक आज त्यांच्या देवघराशेजारी लावलेला आहे.

तेव्हापासून कोणतीही वस्तू घेताना मी एकच पाहते : समोरच्या माणसाला तिचा विसर पडेल की नाही. घरात आधीच असलेल्या खिडकीचा विसर तर पडलेलाच असतो, म्हणून पहिला लाइट खिडकी हाच समजावा.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण कोल्हापूरकर लहानपणापासून पाहत आलो आहोत. जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या आरंभी, तसेच नोव्हेंबरमध्ये, परंपरेने तीन-तीन दिवस मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ते चरणांना स्पर्श करतात आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. उजेडाला तिथी आणि वेळ असते, हे यापेक्षा सुंदर रीतीने कोण शिकवणार? आपल्या घरातही तसेच असते. चार-पाच दिवस सकाळी ८, दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ वाजता प्रत्येक खोलीत घरातल्या कोणालातरी खिडकीपाशी उभे करून नुसता चेहरा पाहावा. उत्तरेची खिडकी चित्रकारांना प्रिय असते, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. मात्र कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही त्या खिडकीतून आत डोकावते. तेव्हा पातळ पांढरा पडदा किंवा जुने मलमलीचे धोतर खिडकीवर लावले की काम भागते. जून-जुलैत आभाळ भरलेले असते, आणि सगळे आकाशच एक मोठा मऊ दिवा होते. माझे सर्वांत आवडते फोटो पावसाळ्यातले आहेत.

माणसाला खिडकीकडे तोंड करून नव्हे, तर खिडकीला थोडे तिरके बसवावे, म्हणजे चेहऱ्याला उठाव येतो. सावलीची बाजू फार गडद वाटली, तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरावा. उलट, चेहरा सपाट वाटला, तर त्याच बाजूला काळी घोंगडी टांगावी, म्हणजे सावली खोल होते. भिंतींकडे मात्र लक्ष हवे. आपल्याकडे पोपटी, गुलाबी आणि आकाशी भिंतींची हौस आहे, आणि भिंतीवरून परतणारा उजेड तो रंग गालावर आणून ठेवतो. पोपटी भिंतीजवळचा माणूस आजारी दिसतो, तो दोष कॅमेऱ्याचा नसतो. खिडकीच्या उजेडात फोटो काढताना घरातली ट्यूब आणि बल्ब बंद ठेवावेत, नाहीतर चेहऱ्याचा एक भाग पिवळा आणि दुसरा निळसर येतो.

रात्री किंवा अंधाऱ्या माजघरात दिवा लागतोच, आणि तिथे मी फ्लॅशऐवजी सतत जळणारा एलईडी घ्यायला सांगते. फ्लॅशने तान्हे बाळ दचकते. आणि प्रत्येक लखलखाटाबरोबर मोठ्या माणसालाही आपला फोटो निघत असल्याची आठवण होते. एलईडी घेताना तो किती वॅटचा आहे यापेक्षा त्याचा सीआरआय पाहावा. रंग किती खरे दिसतात याचे ते माप आहे; घरातल्या साध्या एलईडी बल्बचा सीआरआय साधारण ८० असतो, तर चेहऱ्यासाठी ९५ किंवा त्याहून अधिक हवा, आणि त्यातही आर९, म्हणजे गडद लाल रंगाचा आकडा, वेगळा विचारून घ्यावा. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतला जिवंतपणा त्या लाल रंगात असतो. तो हरवला की चेहरा राखेसारखा दिसतो. असा एकच दिवा आणि त्यावर एक मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी, एवढे पुरते. दोन दिव्यांचे संच विकणारे पुष्कळ भेटतील, पण घरातल्या लहान खोलीत दुसरा दिवा बहुधा पहिल्याने निर्माण केलेली सावली पुसण्याचेच काम करतो.

हा दिवा जवळ ठेवावा. चेहरा दिव्यापासून १ मीटरवर आणि मागची भिंत ३ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या साधारण नवव्या भागाइतकाच उजेड मिळतो, आणि तिथली कॅलेंडरे, भांड्यांची मांडणी, लोंबणारी वायर हे सगळे आपोआप अंधारात जाते. तोच दिवा दोन मीटर मागे नेला, तर भिंतीवर चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उजेड पडतो आणि पसारा दिसू लागतो. शिवाय जवळचा दिवा चेहऱ्याच्या मानाने मोठा ठरतो, म्हणून सावल्यांच्या कडा मऊ होतात.

आता कॅमेरा. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी याच शहरात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, आणि खरी कॉर्नरच्या मानस्तंभापाशी आपण त्यांची आठवण ठेवतो. पण ते आधी चित्रकार आणि शिल्पकार होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. उजेड वाचता येऊ लागला की कॅमेऱ्याची निवड सोपी होते. जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) किंवा साधा मिररलेस (तसाच, पण आरशाविना) पुरेसा आहे. पैसे वाचवून ते एफ १.८ च्या ५० मिलिमीटर लेन्सवर खर्च करावेत; एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे उघडते आणि उजेड जास्त येतो. लहान सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणारा भाग लहान असलेल्या, कॅमेऱ्यावर ही लेन्स साधारण ७५ ते ८० मिलिमीटरसारखे दृश्य देते, म्हणजे माणूस अधिक जवळ दिसतो, आणि त्यामुळे चेहऱ्यापासून दीड मीटरवर बसावे लागते. हे अंतरच खरे महत्त्वाचे आहे. नाकाचा शेंडा आणि कान यांत सुमारे १२ सेंटीमीटरचे अंतर धरले, तर ४० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक कानाच्या मानाने सुमारे ३० टक्के मोठे दिसते, आणि दीड मीटरवरून फक्त ८ टक्के. मोबाइलने काढलेल्या जवळच्या फोटोत "हा मी नव्हेच" असे वाटते ते यामुळे. मोबाइलच वापरायचा असेल, तर दोन पावले मागे सरून दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी लेन्स निवडावी आणि चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद करावी.

एफ १.८ वर मात्र सांभाळावे. वर सांगितलेल्या लहान सेन्सरवर, दीड मीटरवरून, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा असतो. एक डोळा रेखीव आणि दुसरा धूसर व्हायला वेळ लागत नाही. एफचा आकडा वाढवला की हा पट्टा रुंदावतो, म्हणून एकट्या माणसासाठी मी एफ २.८ आणि दोघांसाठी एफ ४ ठेवते.

पुष्कळ मिररलेस कॅमेऱ्यांचे शटर पूर्ण निःशब्द करता येते, आणि झोपलेल्या बाळाजवळ मला त्याहून मोठी सोय वाटत नाही. पण हे निःशब्द शटर चित्र ओळीओळीने टिपते, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने घरातले पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून फोटोवर काळसर पट्टे उमटू शकतात. अशा वेळी शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. जुना कॅमेरा घेतानाही एक काळजी घ्यावी : लेन्समधून उजेडाकडे पाहून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे तपासावे. आपल्या पावसाळी हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

एक गोष्ट कोणी विचारत नाही, ती मीच सांगते. असे घरगुती, खासगी फोटो मोबाइलवर घेतले की पुष्कळदा ते न सांगता इंटरनेटवरच्या साठवणीत जातात; ती सोय आधी बंद करावी. कार्डावरून पुसलेला फोटो परत काढता येऊ शकतो, म्हणून अशा फोटोंसाठीचे कार्ड मी वेगळे ठेवते आणि कोणालाही उसने देत नाही. फोटो काढून झाले की निघण्यापूर्वी मी त्या माणसाशेजारी बसते, कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो एकेक करून दाखवते, आणि ज्याला "हा नको" असे उत्तर येते तो तिथेच, त्यांच्यासमोर काढून टाकते, मग तो मला कितीही आवडलेला असो.