गांजाचा कायदा: खिशातली पुडी आणि बांधावरचं झाड

जत, माण, खटाव भागात उसाच्या नाहीतर मक्याच्या आडोशाला लावलेली गांजाची झाडं सापडली की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, महाशिवरात्रीला भांग चालते तर गांजानं काय घोडं मारलंय, करून टाका कायदेशीर. दुसरा म्हणतो, असल्यांना जन्मभर आत टाका. कायदा उघडून वाचलेला मात्र दोघांमध्येही विरळा.

मुळात हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. ओढणाऱ्याला गुन्हेगार मानायचं का? दुकानात राजरोस विकू द्यायचा का? आणि शेतकऱ्याला धाग्यासाठी, बियांसाठी हे पीक घेऊ द्यायचं का? माझं उत्तर पहिल्याला नाही, दुसऱ्याला आत्ता नाही, आणि तिसऱ्याला हो, पण त्यावर संसार उभा करू नका.

आधी कायदा. अमली पदार्थांचा हा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत, म्हणून पानांची भांग या कायद्यातून सुटते. पण महाराष्ट्रात तिला १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो आणि परवाना लागतो. ‘भांग तर कायदेशीरच आहे’ असं छातीठोक सांगणारे हे विसरतात.

शिक्षा ठरते वजनावर. एक किलोपर्यंत गांजा ही ‘अल्प मात्रा’: एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यावसायिक मात्रा’: किमान दहा, कमाल वीस वर्षं सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि एक किलो. व्यावसायिक मात्रेत कलम ३७ आडवं येतं आणि आरोपी दोषी नसावा असं न्यायाधीशांना सकृद्दर्शनी पटल्याशिवाय जामीन मिळत नाही.

आता यातली विसंगती बघा. वजनाची ही पायरी गांजाला आहे, झाडाला नाही. लागवडीचं कलम २०(अ) झाडं मोजत नाही की तोलत नाही. खिशात नऊशे ग्रॅम वाळका गांजा सापडला तर जास्तीत जास्त एक वर्ष, आणि परड्यात एक झाड सापडलं तर दहा वर्षांपर्यंत. जर्मनीनं १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडांची मुभा दिली. तसं आपल्याकडे लगेच करा असं मी म्हणत नाही, पण एक झाड आणि उसाच्या फडात लपवलेली शेकडो झाडं यांना एकच कलम लावणं हा न्याय नव्हे.

दुसरी गफलत वजनकाट्यावर होते. छाप्यात झाडं मुळासकट उपटली जातात आणि देठ, पानं, मुळाची माती सगळं एकत्र तोललं जातं. व्याख्या तर फक्त शेंड्यांची. शिवाय ओल्या फुलोऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, आणि ओलं तोलायचं की वाळवून, याबद्दल कायदा गप्प आहे. त्यामुळे पंचनाम्यात पंचवीस किलो लिहिलेला माल शेंडे खुडून वाळवला तर वीसच्या कितीतरी खाली येतो. शेंडे वेगळे न करता वजन केलं म्हणून मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी जामीन दिले आहेत. पंचनाम्याची नक्कल हाती आली की वकिलानं आधी हेच बघावं: शेंडे वेगळे केले होते का, आणि कलम ५२-अ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढले का. गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा आणि दोन प्रतींत लागतो.

वाट्यानं रान देणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण आपल्याकडे पुण्या-मुंबईला राहून गावचं रान वाट्यानं देणारे पुष्कळ. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत गांजा लावलेला आहे हे माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. कलम ४७ खाली सरपंच, पंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही कळवण्याची जबाबदारी आहे. झाडं दिसली तर पोलीस पाटलाच्या कानावर घालून थांबू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्यात गट नंबर, रान कोण कसतो आणि कधी दिसलं ते लिहा, आणि पोच घ्या. झाडं स्वतः उपटू नका, जाळू नका; पुरावा नष्ट केल्याचा संशय उलट तुमच्यावरच यायचा. वाट्याचा करार तोंडी ठेवू नका आणि ई-पीक पाहणी दर हंगामात करा. रान कोण कसत होतं आणि त्यात कुठलं पीक दाखवलं होतं, हे कोर्टात कागदावरूनच ठरतं.

आता ओढणाऱ्याचं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक निघाले. एवढ्यांना तुरुंगात घालता येत नाही आणि घालूही नये. कलम २७ मध्ये नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण कलम ६४-अ आहे हे किती पालकांना माहीत असतं? सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट जाऊ शकते. पोरगं सापडलं की लोक तडजोड करायला धावतात, या कलमाचं नावही निघत नाही. पोर्तुगालनं २००१ पासून स्वतःपुरता साठा फौजदारी गुन्ह्यातून काढला आणि माणसाला कोर्टाऐवजी समुपदेशन समितीपुढे उभं केलं. आपणही तिथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

खुल्या विक्रीला माझा विरोध आहे तो नैतिक नाही, तयारीचा आहे. नशा आणणारा घटक टीएचसी. ओढला तर काही मिनिटांत चढतो. खाल्ला किंवा प्याला तर अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि ‘काहीच होईना’ म्हणून माणूस दुसरा पेला घेतो. भांगेनं आजारी पडणाऱ्यांचं बहुतेक हेच कारण. कॅनडात म्हणून खाद्यपदार्थाच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. असं मोजून, छापून विकायचं तर प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी हवी. आपल्याकडे अहवालात बहुधा ‘गांजा आहे’ एवढंच येतं, टक्का नाही.

गाडी चालवणाऱ्यांचंही तेच. दारूला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी सरळ रेघ आहे. गांजाचे अंश शरीरातल्या चरबीत साठतात आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे सापडतात. त्यामुळे आत्ता नशेत कोण आणि गेल्या आठवड्यात ओढलेला कोण, हे त्या चाचणीतून कळत नाही. हायवेवर रात्री ट्रक अडवून हे ठरवणार कसं? थायलंडनं जून २०२२ मध्ये आधी बंदी उठवली, नियमांचं नंतर बघू म्हटलं. दुकानांचं पेव फुटलं आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. त्यात कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना मानसिक आजाराचा धोका जास्त. कराड, सांगली, मिरजेच्या कॉलेजांभोवती वयाचा दाखला बघून विकतील, यावर माझा विश्वास नाही. गुटख्याचं काय झालं ते समोर आहे.

राहिला धाग्याचा प्रश्न. कलम १४ खाली सरकार धागा आणि बियांसाठी लागवडीची परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडनं ती दिली, ०.३ टक्के टीएचसीच्या मर्यादेत. पण हे झाड दिवसाच्या लांबीवर फुलतं. युरोपातल्या धाग्याच्या जाती लांब दिवसात उंच वाढतात. सातारा-सांगली १७ अंश अक्षांशावर, इथला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम तेरा तासांचा. त्या जाती इथं बुटक्या असतानाच फुलोऱ्यावर येतात आणि धागा हाती लागत नाही. टीएचसी ०.३ च्या वर गेलं तर उभं पीक नष्ट करावं लागतं. ते मोजताना कच्च्या झाडातलं टीएचसीए हे आम्लही ०.८७७ नं गुणून धरतात, कारण तापवलं की त्याचंच टीएचसी होतं. हा हिशोब न धरता बियाणं विकणारा तुम्हाला कमी आकडा दाखवेल.

तेव्हा बियाणं घ्यायच्या आधी परवाना मागा, आणि तो कंपनीच्या नावाचा नाही, तुमच्या गट नंबरचा. रानात उभं असताना धाग्याचं झाड आणि गांजाचं झाड नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखता येत नाही.