फोड दिसतो संकेश्वरला, लागतो काकतीला

बेळगावहून आषाढीला चालत निघालं की आधी पाऊस भेटतो, मग ऊन. काकती सोडून हायवेला लागलो की ट्रकांच्या चाकांचं पाणी घोट्यापर्यंत उडतं. संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडून चिकोडीकडं वळलं की पाऊस विरळ होतो, आणि मिरजेपुढं कवठेमहांकाळ, सांगोल्याकडं आषाढातही डांबर तापलेलं असतं. पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट. नवा बूट कसा आहे ते मात्र पहिल्या ओल्या टप्प्यातच कळतं.

ओली कातडी मऊ पडते आणि मोज्याला चिकटून राहते. पाऊल टाकताना आतलं हाड सरकतं, वरची कातडी जागची हलत नाही, आणि या ओढाताणीत मधले थर सुटून त्यात पाणी भरतं. हाच फोड. म्हणून घट्ट बुटाइतकाच सैल बूटही वाईट, त्यात टाच दर पावलाला वर उचलली जाते.

बूट घ्यायला मी संध्याकाळी खडेबाजारात जाते. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात आणि वारीत तर ते रोजच सुजणार. वारीला घालायचे तेच मोजे सोबत न्यायचे, दोन्ही बूट घालून उभं राहायचं, आणि सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते दाबून बघायचं. काहींचं अंगठ्याशेजारचं बोटच लांब असतं, ते बघा. दुकानदार म्हणतो, "घ्या हो ताई, चार दिवसांत सैल होतंय." होतं, पण रुंदीला. लांबीला बूट वाढत नाही.

मग ते बूट आधी घरात, मग बाजारापर्यंत, मग येळ्ळूरच्या राजहंसगडावर. चढताना टाच घासते आणि उतरताना बोटं पुढं आदळतात, त्यामुळं एकाच फेरीत बुटाच्या दोन्ही खोड्या कळतात. एकदा मुद्दाम पावसातही चालायचं. पाठीवर वारीचीच पिशवी घ्यायची, कारण वजन वाढलं की पाऊल पसरतं. एवढं करायला वारीआधी महिनाभर तरी हाताशी हवा. पौर्णिमेला बूट घेऊन दशमीला पंढरपुरात पोचू म्हणणाऱ्यांना मी हात जोडते.

स्पोर्ट्स शूजला घोट्याजवळ अगदी वर एक जादा भोक असतं. बहुतेकांच्या बुटात ते रिकामंच असतं. नाडी त्याच बाजूच्या भोकातून आत घालून छोटा फासा ठेवायचा, समोरची नाडी त्यातून ओवायची, दोन्ही टोकं ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच जागेवर बसते आणि चवड्याला आवळत नाही.

मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं. पातळ सिंथेटिक मोजा आत आणि जरा जाड बाहेर, म्हणजे घासाघासी दोन मोज्यांत होते. मात्र बूट घेतानाच दोन्ही घालून बघायला हवेत. मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी टाचेवर आणि करंगळीवर सकाळी कोरड्या कातडीवर लावायची, कोपरे गोल कापून आणि सुरकुती न पडू देता. व्हॅसलीन लावायचं तर पट्टी नको, ती टिकणार नाही.

आमच्या दिंडीतले एक काका बुटांना हसतात. त्यांच्या पायात कोल्हापुरी असते, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली, अथणीकडची. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार धरले गेले, त्यात बेळगाव आहे. पण काकांची चप्पल जुनी, खोबरेल तेल पिऊन मऊ झालेली. नवी कोल्हापुरी पहिल्या पावसात भिजली तर अंगठ्याजवळचा पट्टा चांगलाच चावतो.

तयारी कितीही करा, एखादी जागा गरम लागतेच. शेजारच्या आक्कांचं पाऊल जरा तिरकं पडायला लागलं की मी विचारते, "आक्का, टाच गरम लागत्या काय?" उत्तर ठरलेलं: "थोडी लागत्या. बघू की मुक्कामाला." मुक्कामापर्यंत फोड भरतो. रांग सोडून बाजूला बसायची लाज वाटते, विणेकरी पुढं निघून जातील असं वाटतं. जाऊ देत. मोजा काढून पाय कोरडा करायला, पट्टी लावायला दोन अभंगांचा वेळ लागतो, आणि पुढच्या विसाव्याला दिंडी गाठता येते.

फोड आलाच तर सुईदोरा ओवून दोरा आतच ठेवायची रीत वारीत अजून आहे. मला ती मुळीच पटत नाही, कारण त्याच दोऱ्यावरून रस्त्यावरची घाण आत शिरते. लहान फोड झाकून ठेवावा. मोठा आणि ठणकणारा असेल तर स्वच्छ हातांनी, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच ठेवावी आणि मलमपट्टी करावी. साखरेचा आजार असणाऱ्यांनी यातलं काही स्वतः करू नये, सरळ डॉक्टर गाठावा. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पायाला दुखणंच कळत नाही, म्हणून रोज रात्री दुसऱ्या कुणाकडून तळवे बघून घ्यावेत.

चिकोडीपुढच्या अंकलीला पोचलो की शितोळे सरकारांच्या अश्वांची गोष्ट निघतेच. माउलींच्या पालखीसाठी ते इथूनच आळंदीला जातात, आम्ही येतो तेव्हा केव्हाच पुढं गेलेले असतात. "त्यांना बरं हाय, नाल ठोकलेत," काका म्हणतात.

मुक्काम शाळेत असो की देवळात, जेवणाआधी बुटातला आतला तळ काढून वेगळा वाळत घालायचा आणि बुटात जुना पेपर चुरगाळून कोंबायचा. हरिपाठ झाला की पेपर बदलायचा. पहाटे काकड्याला उठल्यावर हात घालून बघायचं, अजून ओल असेल तर निघताना मोज्याची एक जास्तीची जोडी वर, हाताशी ठेवायची आणि पहिल्या चहालाच बदलायची.