तुम्ही विचारलंत म्हणून: तुकोबांच्या काळी भावना दुखावत नव्हत्या का?

तुकोबांवर बोलायला गेलं की व्याख्यान संपल्यावर कुणीतरी गाठतंच. "त्या काळी लोकांच्या भावना दुखावत नव्हत्या का हो? एवढं तिखट बोलून हा माणूस सुटला कसा?"

सुटला कुठे? अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तेरा दिवस देवापुढे उपाशी बसावं लागलं. चरित्रकारांनी ही कथा पुढे पुष्कळ रंगवली, पण तिचं मूळ खुद्द तुकोबांच्या अभंगांत आहे: 'उदकीं राखिले कागद । चुकविला जनवाद'. कागद देवाने राखले की कुणा भल्या माणसाने, यावर खुशाल वाद घाला. जनवाद, म्हणजे लोकनिंदा, होता, एवढं त्यांच्याच तोंडून कळतं.

विचारणाऱ्यांना वाटतं, लोक चिडले असतील ते 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती' असल्या ओळींवर. मला नाही तसं वाटत. या ओळीला आजही आज्या पदराआड हसतात. ढोंगी साधूंना झोडपणं तर संतांमध्ये तुकोबांच्या आधीपासूनच चालत आलेलं.

माझ्या मते खरी आग लावणारी ओळ वेगळी आहे: 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनीं वाहावा भार माथां'. सतराव्या शतकात, देहूच्या एका कुणब्याने, दुकान चालवणाऱ्याने, हे म्हणायचं! हाच माणूस दुसरीकडे 'घोकाया अक्षर । मज नाहीं अधिकार' असं सांगतो. म्हणजे वेद पाठ करायला मला बंदी, बरं. अर्थ मात्र माझ्यापाशी. तुम्ही घोका. आणि घोकणाऱ्यांना पुढच्याच ओळीत त्यांनी मजुरीसाठी दुसऱ्याचं धन डोक्यावरून वाहणाऱ्या हमालाच्या रांगेत उभं केलं. खाल्ल्याची गोडी नुसतं बघणाऱ्याला कशी कळणार, असंही वर ऐकवलं. एखादी शिवी परवडली असती. इथे तर ज्यावर पोट आणि मान दोन्ही अवलंबून, तेच बिनकामाचं ठरत होतं.

तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंचं आत्मकथन वाचा. ब्राह्मण घरातली ही बाई कोल्हापुरात असताना स्वप्नात तुकोबांचा उपदेश घेते. नवऱ्याची तक्रार काय? आपण वेद म्हणणारे ब्राह्मण, हा कुठला शूद्र तुका, बायको बिघडली, आता काय करू! नवसाबिवसाचं अक्षर नाही. पुढे आजारपणात गृहस्थांचं मन पालटलं आणि ते बायकोला घेऊन देहूला आले. तिथे तुकोबांचा द्वेष करणारा मंबाजी गोसावी होताच. माझे शिष्य व्हा म्हणून त्याने या दोघांच्या मागे लकडा लावला. ते तुकोबांनाच धरून आहेत हे कळल्यावर त्याने त्यांची गाय नेऊन कोंडली आणि तिला झोडपलं.